भूवैज्ञानिकांचा अध्यक्ष कोण, याच्याशी पनवेलकराचा काय संबंध?

मित्रहो, आज जरा वेगळ्या निवडणुकीबद्दल लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

पनवेलला निवडणुकीचं अप्रूप नाही. १८५२ पासून आपल्याकडे नगरपालिका होती, २०१६ च्या ऑक्टोबरात महानगरपालिका झाली, २०१७ च्या मे महिन्यात तिची पहिली निवडणूक झाली. ग्रामपंचायत, बाजार समिती, सोसायटी, पतपेढी, मंदिराचे विश्वस्त, सगळीकडे आपण हिरीरीने पॅनल उभं करतो. बातमीदार म्हणून मी या सगळ्या बघितल्यात. पण भूवैज्ञानिकांच्या संघटनेचा अध्यक्ष कोण होतो, हे आपल्यापैकी एकाने तरी कधी विचारलंय? डॉक्टरांच्या, वकिलांच्या संघटनेत कोण निवडून आलं याची निदान चौकट छापून येते. जमिनीखालचं ज्यांना कळतं, त्यांच्या निवडणुकीची एक ओळही नसते. मला वाटतं, देशात कुणी नाही विचारलं तरी पनवेलकराने हे विचारलं पाहिजे. का, ते सांगतो.

सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनलाय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेले. माथेरानच्या कड्याकडे बघितलंत तर ते थर एकावर एक आडवे रचलेले दिसतात, चपातीच्या चवडीसारखे. पण पनवेलच्या पट्ट्यात आलं की हेच थर पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला कलतात. थरांना असा बाक आला आहे. जगभरचे भूवैज्ञानिक त्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. हो, आपल्या पनवेलचंच नाव! जिऑलॉजिकल सर्व्हेचे जे. बी. ऑडेन यांनी १९४९ साली त्यावर लिहिलं (इंग्रजी कवी ऑडेन यांचे हे सख्खे भाऊ). पुढे १९९८ मध्ये हेतू शेठ यांनी वेगळी मांडणी केली की हा नुसता बाक नसून खोलवर वक्र होत गेलेल्या भ्रंशामुळे थर असे कलले असावेत. वाद चालू आहे, तो चालू राहो. मुद्दा एवढाच की ज्या गावाचं नाव भूशास्त्राच्या निबंधांत येतं, त्या गावातल्या माणसांना ते माहीत नाही.

आता थोडा इतिहास बघू. या खुर्चीवर कोण बसतं याने काय फरक पडतो, ते त्यातून कळतं.

भूवैज्ञानिकांची पहिली मोठी संघटना लंडनची. १३ नोव्हेंबर १८०७ रोजी एका खानावळीत काही हौशी, सुखवस्तू मंडळी जमली आणि जिऑलॉजिकल सोसायटी सुरू झाली. पहिले अध्यक्ष जॉर्ज ग्रीनो. त्याच काळात विल्यम स्मिथ नावाचा लोहाराचा पोर कालव्यांची मोजणी करत गावोगाव फिरत होता. कुठल्या थरात कुठले जीवाश्म सापडतात त्यावरून थर ओळखायचा, ही त्याची युक्ती. १८१५ मध्ये त्याने इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा काढला, एकट्याने. सोसायटीने काय केलं? त्याला जवळ केलं नाही, उलट ग्रीनोच्या पुढाकाराने स्वतःचा वेगळा नकाशा काढला. तोपर्यंत स्मिथ कर्जापायी तुरुंगात जाऊन आला होता. पुढे १८३१ मध्ये अध्यक्षपदी अ‍ॅडम सेजविक होते. त्यांनी सोसायटीचं पहिलं वोलास्टन पदक स्मिथला दिलं आणि इंग्लंडच्या भूशास्त्राचा जनक म्हणून त्याचा गौरव केला. संस्था तीच, माणूस तोच. बदलला होता खुर्चीवरचा माणूस, आणि काळही. याच सोसायटीने बायकांना सदस्य करून घ्यायला १९१९ पर्यंत वाट बघितली आणि पहिली महिला अध्यक्ष, जॅनेट वॉटसन, मिळायला १९८२ उजाडलं.

आपल्याकडे काय होतं? जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया १८५१ चा, म्हणजे आपल्या नगरपालिकेपेक्षा एकच वर्षाने मोठा. पण ते सरकारी खातं, साहेबाचं. प्रमथनाथ बोस १८८० मध्ये तिथे अधिकारी म्हणून लागले. १९०३ मध्ये त्यांना डावलून त्यांना बरेच ज्युनियर असलेल्या हॉलंडसाहेबांना प्रमुख केलं. बोस यांनी राजीनामा दिला. पुढे मयूरभंजच्या लोहखनिजाबद्दल त्यांनी १९०४ मध्ये जमशेटजी टाटांना पत्र लिहिलं आणि त्यातून टाटांचा पोलाद कारखाना कसा उभा राहिला, ती गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. पण मला त्या राजीनाम्याची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. तेव्हा बोस यांच्या बाजूने एखादा ठराव करेल, दोन शब्द छापेल, अशी भारतीय भूवैज्ञानिकांची स्वतःची संघटनाच नव्हती. एकटा माणूस फक्त राजीनामा देऊ शकतो. बोस यांनी तेच केलं. त्या खात्याला पहिला भारतीय प्रमुख मिळाला तो १९५१ मध्ये, एम. एस. कृष्णन. खातं सुरू होऊन बरोब्बर शंभर वर्षं झाली होती.

आणि मग येतात दाराशॉ नोशेरवान वाडिया. जन्म १८८३, सुरतचा, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला. शिक्षण बडोद्याला. विलायतेची पदवी नाही. १९०७ पासून जम्मूच्या कॉलेजात शिकवत होते आणि सुट्टीत हातोडी घेऊन हिमालय पालथा घालत होते. १९१९ मध्ये भारताच्या भूशास्त्रावर पुस्तक लिहिलं, ते पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी वाचलं. १९२१ मध्ये सर्व्हेत गेले तेव्हा वय ३८. १९५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळालेले पहिले भारतीय भूवैज्ञानिक.

१९५८ मध्ये बंगळूरला जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्ष हेच वाडिया. वयाच्या पंचाहत्तरीत, सगळे मान मिळून झालेले असताना, या माणसाला नव्या संस्थेच्या पदाची काय गरज होती? काहीच नाही. गरज संस्थेला होती. त्यांच्या नावामुळे तिला वजन आलं. रोजचं ओझं वाहिलं बी. पी. राधाकृष्ण यांनी. लेख मागवणं, तपासणं, छापणं, पैसे जमवणं, कितीतरी दशकं. कुठल्याही मंडळात असे दोघं लागतात, एक नावाचा आणि एक कामाचा. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिलाच असतो.

१९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद दिल्लीत भरली. आशियातली ही पहिलीच, आणि अध्यक्ष पुन्हा वाडिया. १९०३ ते १९६४, हिशोब करा. ज्या देशातल्या भूवैज्ञानिकाला स्वतःच्या खात्यात वरची खुर्ची मिळत नव्हती, त्याच देशात एकसष्ट वर्षांनी जगभरचे भूवैज्ञानिक भारतीय अध्यक्षाच्या समोर बसले होते.

महाराष्ट्राचा धागा कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं, ६.३ तीव्रता. दख्खनचा दगड भक्कम, इथे मोठा भूकंप होत नाही, ही समजूत त्या पहाटे गेली. धरणातल्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळते का, या प्रश्नावर डॉ. हर्ष गुप्ता यांनी आयुष्यभर काम केलं. तेच पुढे जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचे अध्यक्ष झाले आणि २०११ ते २०१५ या काळात भूभौतिकीच्या जागतिक महासंघाचे अध्यक्ष. महासंघाचं अध्यक्षपद निवडणुकीने मिळतं, देशोदेशीचे प्रतिनिधी मत देतात. कोयनेच्या खोऱ्यातला प्रश्न जगाच्या टेबलावर कायम राहिला, त्याचं एक कारण हा प्रश्न घेऊन फिरणारा माणूस अशा खुर्च्यांपर्यंत पोचला.

आता आपल्या दारात येऊ.

१९ जुलै २०२३ ची रात्र. चौकजवळ इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. विधिमंडळात सरकारने सांगितलं की हे ठिकाण दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं. त्याआधी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातलं तळिये, २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातलं माळीण, २००५ मध्ये महाड तालुक्यातली दासगाव, जुई. दर वेळी दरड पडल्यावर तज्ज्ञ येतात, पाहणी करतात, अहवाल जातो. यादी कुणी केली, कशावरून केली, कुठली वाडी राहिली, हे आधी मोठ्याने विचारणारं कुणी नसतं.

त्या आठवड्यात मी बातमीसाठी एका भूवैज्ञानिकाची प्रतिक्रिया शोधत होतो. एकजण म्हणाले, “साहेब, सरकारी नोकरीत आहे, नाव घालू नका.” दुसरे खाजगी सल्लागार. ते म्हणाले, “बोललो तर पुढचं काम कोण देईल?” तिसरे प्राध्यापक, तास-दीड तास छान समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “हे सगळं ऑफ द रेकॉर्ड हं.” मला त्या तिघांचा राग आला नाही. पोट सगळ्यांना आहे.

आणि माझा मुद्दा इथेच आहे. नोकरीतला माणूस नियमांनी बांधलेला, सल्लागार गिऱ्हाईकाने बांधलेला. बोलू शकते ती संघटना, आणि संघटनेच्या वतीने तिचा अध्यक्ष. त्याच्या मागे हजार सह्या असतात, म्हणून त्याचं एकट्याचं नुकसान करणं सोपं नसतं. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांच्यासाठी कायद्याने परिषदा आहेत, नोंदणी आहे, चूक केली तर नाव कापता येतं. भूवैज्ञानिकांसाठी आपल्या देशात कायद्याने अशी परिषद नाही. म्हणजे डोंगराखाली वस्ती ठेवायची का, टेकडी कापायची का, यावर मत देणाऱ्याला धरायला आणि राखायलाही कुणी नाही. अशा वेळी स्वेच्छेने चालणाऱ्या संघटनेचं वजन आणखी वाढतं.

पनवेलच्या आजूबाजूला बघा. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला, विमानतळाचं २०२५ मध्ये उद्घाटन झालं. दगडखाणी आहेत, बोगदे आहेत, डोंगराच्या पायथ्याशी टॉवर आहेत. विकास नको असं मी म्हणत नाही, आमचीही पोरं तिथेच नोकरी शोधणार आहेत. पण इतकी जमीन जिथे हलते, तिथे जमीन जाणणाऱ्यांचा आवाज सगळ्यात बारीक आहे, हे बरोबर नाही.

अशा संघटनांच्या निवडणुका बऱ्याचदा बिनविरोध होतात. एक सूचक, एक अनुमोदक, एकच अर्ज, हार-तुरे. ज्येष्ठ आहेत, मान द्यायचा म्हणून पद. मान जरूर द्या. पण जो उभा राहील त्याला सदस्यांनी तीन प्रश्न विचारावेत. पावसाळ्याआधी धोक्याच्या वाड्यांबद्दल संघटना जाहीरपणे बोलणार का, आणि मराठीत बोलणार का? खरं मत दिलं म्हणून एखाद्या सदस्यावर गदा आली तर संघटना त्याच्या मागे उभी राहणार का? आणि एखाद्याने पैसे घेऊन खोटा अहवाल दिला तर त्याला काढणार का?

या पोस्टवर भूशास्त्र शिकलेले काहीजण नक्की आहेत, मला इनबॉक्सवरून माहीत आहे. त्यांना सांगणं आहे, मित्रांनो आणि ताईंनो, सदस्यत्वाची वर्गणी भरून गप्प बसू नका. अर्ज भरा, उभे राहा. पडलात तरी चालेल, आपल्याकडे पडलेला उमेदवारही पाच वर्षं प्रश्न विचारत फिरतो, तो हक्क त्याने कमावलेला असतो. बाकीच्यांनी एक करा. तुमच्या घरामागच्या डोंगराबद्दल, खाणीबद्दल, कोरड्या पडलेल्या विहिरीबद्दल प्रश्न असेल तर कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. यादी करून मी ती भूवैज्ञानिकांच्या संघटनांकडे लेखी पाठवणार आहे. उत्तर आलं तर इथेच टाकीन. नाही आलं तर तेही टाकीन.