सार्वभौमत्वाची ढाल आणि नागरिकाची भरपाई

पोलिसांच्या गैरवर्तनामुळे झालेल्या हानीबद्दल शासनावर दिवाणी दावा चालू शकतो का, या प्रश्नाचे भारतातील उत्तर बराच काळ ज्या निर्णयातून काढले गेले, त्याचा पोलिसांशी काहीच संबंध नव्हता. कलकत्त्याजवळील खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील मजुरांच्या निष्काळजीपणामुळे एका जहाज कंपनीचा घोडा जखमी झाला, तेव्हा सरन्यायाधीश बार्न्स पीकॉक यांनी १८६१ साली कंपनीचा भरपाईचा हक्क मान्य केला. मात्र गोदी चालवण्यासारखी कामे खाजगी व्यक्तीही करू शकते म्हणून त्यांत सरकार जबाबदार ठरते, परंतु जी कामे केवळ राजसत्ताच करू शकते त्या ‘सार्वभौम’ कामांत ते ठरत नाही, असा भेदही त्यांनी केला.

या भेदाची झळ स्वतंत्र भारतात कस्तुरीलाल खटल्यात उघड झाली. सप्टेंबर १९४७ मध्ये अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोने-चांदी विकण्यासाठी मेरठला आला असता पोलिसांनी त्याला संशयावरून अटक करून माल जप्त केला. पुढे चांदी परत मिळाली, परंतु मालखान्यात, म्हणजे जप्त मुद्देमाल ठेवण्याच्या कोठारात, असलेले शंभर तोळ्यांहून अधिक सोने हेड कॉन्स्टेबलने लांबवले आणि तो पाकिस्तानात पळून गेला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या घटनापीठाने पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य केला, परंतु अटक व जप्ती ही सार्वभौम कामे असल्याने १९६४ साली दावा फेटाळला. ही स्थिती असमाधानकारक असून विधिमंडळांनी कायदा करावा, असेही निकालात नमूद झाले. विधी आयोगाने १९५६ सालीच अशी शिफारस केली होती. १९६५ व १९६७ ची विधेयके मात्र कायद्यात उतरली नाहीत.

दिवाणी न्यायालयाचा मार्ग असा अडला असताना दुसरा मार्ग संविधानातून निघाला. १९६८ साली निर्दोष सुटूनही बिहारच्या तुरुंगात १४ वर्षे डांबल्या गेलेल्या रुदल साहच्या याचिकेवर सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी १९८३ साली, अनुच्छेद ३२ अन्वये, म्हणजे मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याच्या तरतुदीखाली, ३०,००० रुपयांची भरपाई दिली. ओडिशातील निलबती बेहेरा यांचा २२ वर्षांचा मुलगा पोलीस कोठडीत नेल्यानंतर रेल्वेमार्गावर मृतावस्थेत सापडला होता. त्या प्रकरणात १९९३ साली दीड लाख रुपये देताना न्यायालयाने स्पष्ट केले, की मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दलच्या या उपायापुढे सार्वभौमत्वाचा बचाव टिकत नाही.

तथापि ही भरपाई शासनाच्या तिजोरीतून दिली जाते आणि अधिकाऱ्याची व्यक्तिगत जबाबदारी बाजूलाच राहू शकते. १९९० च्या ‘सहेली’ प्रकरणात पोलिसांच्या मारहाणीत मृत्यू पावलेल्या बालकाच्या आईला ७५,००० रुपये देताना न्यायालयाने दिल्ली प्रशासनाला ही रक्कम दोषींकडून वसूल करण्याची मुभा दिली होती. पुढे पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणातील २००६ च्या आदेशाने प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापण्यास सांगितले आणि महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने त्याला वैधानिक रूप दिले. परंतु शासनाचे दायित्व निश्चित करणारा केंद्रीय कायदा अजूनही झालेला नाही. भरपाई ही न्यायमूर्तींच्या संवेदनशीलतेवर अवलंबून असलेली कृपा न राहता नागरिकाचा निश्चित हक्क व्हायची असेल, तर गजेंद्रगडकरांनी विधिमंडळांवर सोपवलेले ते काम पूर्ण होणे अपरिहार्य आहे.