वंशशोध, माळव्यातील मराठी घराण्यांचा

अठराव्या शतकात माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची वंशपरंपरा व मूळ गाव कागदपत्रांवरून निश्चित करण्याचा अभ्यास.

उगम : पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या मोहिमांनंतर होळकर, शिंदे व पवार (पहा : देवास संस्थान, धार संस्थान) यांच्याबरोबर शिलेदार, कारकून, पुरोहित व कारागीर नर्मदेपलीकडे वसले. १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली व दरबारी नोकरीमुळे वस्ती वाढली. इंदूरच्या जुन्या शहरातील वाडे सोडून पुढे तेथील पलासियासारख्या भागांत गेलेल्या घरांचा मागही शेवटी याच स्थलांतरित पिढ्यांपर्यंत जातो.

साधने व स्वरूप : कुलवृत्तान्त, इनामाच्या सनदा, पेशवे दफ्तर (पहा) आणि तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या ही मुख्य साधने. यांत नामावळीचे मोल विशेष. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला आलेला यात्रेकरू स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे व मुलांचे नाव, मूळ गाव आणि हल्लीचा मुक्काम लिहून खाली सही करी. त्यामुळे स्थलांतर एकाच पानावर दिसते. जुना मजकूर मोडीत असतो (पहा : मोडी लिपी). आडनाव मात्र दिशाभूल करू शकते. मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) यांचे आडनाव जेजुरीजवळच्या होळ गावावरून आले, पण ते वाढले खानदेशात, तळोद्यास मामाकडे. नामावळ्यांत स्त्रियांच्या माहेरची नोंद अपुरी असते, ही या साधनांची मोठी उणीव.

महत्त्व : राजघराण्यांच्या इतिहासात न येणाऱ्या सामान्य कुटुंबांचे स्थलांतर, व्यवसायबदल व सोयरिकी या अभ्यासातून कळतात (पहा : इंदूर संस्थान).