शिवोलीची कॅसेट: गिटारवरचे गाणे स्वतंत्र कसे झाले?

१/१५
शुक्रवार उजाडला की जगभर नवी गाणी एकाच दिवशी प्रसिद्ध होतात. १० जुलै २०१५ पासून हा संकेत रूढ झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपुरातील विद्यार्थ्याला ग्लासगोच्या किंवा पुण्याच्या एखाद्या अनोळखी गिटार-बँडचे नवे गाणे मुंबईकराइतक्याच लवकर ऐकता येते. मध्ये ना कंपनीची परवानगी, ना दुकानदाराची मर्जी. हे स्वातंत्र्य इंटरनेटने दिले, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. या स्वातंत्र्याचा एक महत्त्वाचा अध्याय गोव्यातील शिवोली गावी, एका घरात, १९८४ साली लिहिला गेला.

२/१५
गाणे रचणे ही एक गोष्ट आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणे ही दुसरी. भारतात दुसरी गोष्ट दीर्घकाळ एकाच संस्थेच्या हाती एकवटली होती. ग्रामोफोन कंपनीचा कलकत्त्यातील कारखाना १९०८ साली सुरू झाला. ‘एचएमव्ही’ या नावाने लोक तिला ओळखत. १९७० च्या सुमारास पॉलिडोर स्पर्धेत उतरेपर्यंत तबकड्यांच्या बाजारावर तिचीच सत्ता होती. तबकडी छापणारी यंत्रे ज्याच्या दारात, त्याच्या दारात गायकाने उभे राहायचे, हा व्यवहाराचा नियम होता.

३/१५
१९६० च्या दशकात बीटल्सची लाट मुंबईला येऊन धडकली. द जेट्स, द सॅव्हेजेस, द कम्बस्टिबल्स, द मिस्टिक्स अशा ‘बीट ग्रुपां’नी महाविद्यालयांची सभागृहे आणि हॉटेले गाजवली. दोन-तीन गिटारी, एक ड्रमसेट आणि एकत्र गायलेले मधुर पद, एवढेच त्यांचे भांडवल. परदेशी वाद्ये महाग आणि दुर्मीळ होती. श्रोत्यांची फर्माईश बहुधा विलायती गाण्यांची असे. त्यामुळे दुसऱ्याचे गाणे हुबेहूब वाजवणे, हेच कौशल्याचे माप ठरले. स्वतःचे गाणे रचणाऱ्याला ना बिदागी वाढवून मिळे, ना टाळ्या.

४/१५
या काळातील एक प्रसंग बोलका आहे. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला. एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन त्याने ‘वंडरवॉल म्युझिक’ या ध्वनिमुद्रिकेचा काही भाग मुद्रित केला. म्हणजे यंत्रसामग्री होती, कुशल वादक होते, तंत्रज्ञही होते. त्याच शहरातील तरुण बँडांच्या वाट्याला मात्र तुरळक छोट्या तबकड्याच आल्या. उणीव होती ती त्यांच्या गाण्यावर पैसा लावण्याच्या इच्छेची.

५/१५
ही पोकळी एका सिगारेटने भरून काढली. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या ‘सिमला’ या छापाच्या प्रसारासाठी ‘सिमला बीट’ स्पर्धा भरवली. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतील बँडांच्या दीर्घ तबकड्या निघाल्या. उसन्या गाण्यांबरोबर काही स्वरचित गाणीही त्यांत आहेत. त्या काळच्या भारतीय गिटार-संगीताचे ते मोलाचे साधन होय. तरुणांचा आवाज टिकून राहिला, तो तंबाखूच्या जाहिरातीच्या पोटात. प्रायोजकाचा रस संपला असता तर तोही उरला नसता.

६/१५
या प्रवाहात एक ठळक मराठी नाव आहे: नंदू भेंडे. नाट्यकर्मी आत्माराम भेंडे यांचे हे चिरंजीव. घरात मराठी रंगभूमी आणि बाहेर रॉक, अशा दुहेरी वातावरणात ते वाढले. व्हेल्वेट फॉग, ॲटॉमिक फॉरेस्ट अशा बँडांतून ते गायले. १९७४ साली अलीक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ रंगमंचावर आणले. त्यातील ज्यूडासची भूमिका भेंडे यांनी गायली.

७/१५
चार वर्षांनी, १९७८ मध्ये, पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ सादर केला. ब्रेख्तच्या नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले हे रूपांतर जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केले. नाट्यपदाचा ठसका, लोकसंगीत आणि रॉक यांचा त्यात मेळ होता. संगीताच्या बाजूस भास्कर चंदावरकरांसोबत भेंडेही होते. मराठी शब्द रॉकच्या ठेक्यावर सहज उभे राहू शकतात, हे मराठी प्रेक्षकाने थिएटरात बसून ऐकले. त्यासाठी भाषा अपुरी पडली नव्हती. या प्रयोगाला बाजाराची जोड मात्र मिळाली नाही; चित्रपटगीत आणि भावगीत यांच्या पेठेत अशा गाण्याला स्वतंत्र खण नव्हता.

८/१५
याच सुमारास इंग्लंडात एक नवी वाट फुटत होती. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने सुमारे ५०० पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या १,००० प्रती हातोहात संपल्या. कंपनीविना तबकडी निघू शकते, हे सिद्ध होताच अनेकांनी तो कित्ता गिरवला. जानेवारी १९८० पासून तिथे अशा तबकड्यांच्या विक्रीची वेगळी यादीच प्रसिद्ध होऊ लागली. ‘इंडिपेंडंट’चे लघुरूप ‘इंडी’ हे त्यातून रुळले. त्या शब्दाचा मूळ अर्थ वितरणाचा होता. विशिष्ट शैलीचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

९/१५
भारतात हा मार्ग जसाच्या तसा चालणारा नव्हता. इथे तबकडी छापण्याचे कारखानेच मोजके होते. कोंडी फुटली ती कॅसेटमुळे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानात टू-इन-वन येऊ लागले, पुढे आयातीचे निर्बंध सैल झाले, आणि १९८० च्या दशकात कॅसेटने तबकडीला मागे सारले. तबकडीला कारखाना लागे. कॅसेटची प्रत दुसऱ्या यंत्रावरही निघे. भजन, कीर्तन, तमाशा, पोवाडा अशा कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या कित्येक प्रकारांना त्यामुळे बाजार मिळाला. चोरट्या प्रतींचा सुळसुळाटही त्याच यंत्राने केला.

१०/१५
दुसरा बदल ध्वनिमुद्रणात झाला. १९७९ मध्ये जपानच्या टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ बाजारात आणला. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्यांत मुद्रण करणारे हे छोटे यंत्र होते. एका पट्टीवर गिटार, दुसरीवर तालवाद्य, तिसरीवर मुख्य आवाज, चौथीवर साथ. म्हणजे एकटा माणूस अख्खा बँड होऊ शकत होता. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ ची ‘नेब्रास्का’ ही ध्वनिमुद्रिका अशाच यंत्रावर घरी मुद्रित केली. पण त्याच्या पाठीशी मोठी कंपनी उभी होती.

११/१५
शिवोलीच्या तरुणापाठी कोणीच नव्हते. रेमो फर्नांडिस यांचा जन्म १९५३ चा. शालेय वयातच त्यांनी बँड उभा केला, मुंबईत वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले, १९७० च्या दशकाच्या अखेरीस युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घातली आणि ते गोव्याला परतले. आपली गाणी घेऊन त्यांनी मुंबईतील कंपन्यांचे उंबरठे झिजवले. इंग्रजीतील, तीही गोव्याच्या जीवनावरची स्वरचित गाणी कोण विकत घेणार, हा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. नकार मिळाला.

१२/१५
मग त्यांनी शिवोलीच्या घरातच चार पट्ट्यांच्या कॅसेट रेकॉर्डरवर ‘गोअन क्रेझी’ मुद्रित केले. वाद्ये त्यांनीच वाजवली, आवाज त्यांनीच दिले, वेष्टनाचे चित्रही त्यांचेच. १९८४ मध्ये कॅसेट तयार झाल्यावर स्कूटरवर लादून ती दुकानोदुकानी पोहोचवण्याचे कामही त्यांनीच केले. गोव्याने ती उचलून धरली. पुढे श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’ (१९८५) आणि ‘जलवा’ (१९८७) या चित्रपटांतून त्यांचा आवाज देशभर गेला. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१३/१५
या घटनेचे महत्त्व यशापेक्षा क्रमात आहे. आधी कंपनीची संमती आणि मग श्रोता, हा रूढ क्रम इथे उलटला. ‘गोव्याबाहेर कोणाला कळणार?’ या शंकेचे उत्तर गोव्यातीलच ग्राहकांनी दिले. स्थानिक असणे हा दोष मानला गेला होता. तेच त्या कॅसेटचे बळ ठरले. लंडनच्या एनएमई साप्ताहिकाने स्वतंत्र गिटार-बँडांची प्रसिद्ध ‘सी-८६’ कॅसेट काढली ती १९८६ मध्ये, म्हणजे शिवोलीच्या कॅसेटनंतर दोन वर्षांनी.

१४/१५
मुंबईतही वारे फिरले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या रॉक मशीनने स्वरचित गाण्यांची ‘रॉक एन रोल रेनेगेड’ ही ध्वनिमुद्रिका १९८८ मध्ये काढली. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला आणि तरुण बँडांना हक्काचे व्यासपीठ मिळाले. पण रुग्णालये, न्यायालये व शिक्षणसंस्थांभोवती १०० मीटरांचे शांतता क्षेत्र आखणारे नियम २००० साली आले आणि पुढे रंगभवनाचे खुले रंगमंच मुके झाले. मुद्रणाचे स्वातंत्र्य वाढत असताना वाजवण्याची जागा आक्रसली. स्वातंत्र्याची प्रगती सरळ रेषेत होत नाही, याचे हे उदाहरण.

१५/१५
आज गाणे प्रसिद्ध करण्याचा खर्च जवळपास शून्यावर आला आहे. संग्रामपुरातील एखाद्या मुलाने गिटारवर वऱ्हाडी बोलीत चाल बांधली, तर त्याला मुंबईच्या कचेरीची पायरी चढावी लागत नाही. पण जुना धोका रूप बदलून उभा आहे. सिमला बीटची गाणी उरली, कारण तबकड्या कोणीतरी कपाटात जपल्या. कॅसेटची फीत बुरशीने जाते. दूरच्या सर्व्हरवरचे गाणे खाते बंद होताच नाहीसे होते. प्रसिद्ध होणे आता सोपे आहे, टिकणे अजूनही नाही. म्हणून घरातल्या जुन्या कॅसेटवरील नाव, गाव आणि साल वहीत उतरवून ठेवणे, हेही इतिहासाचेच काम. ‘गोअन क्रेझी’ची गोष्ट सांगता येते, कारण तिचे गाव आणि तिचे साल कोणीतरी लक्षात ठेवले.