कलेक्टरची खुर्ची

जिल्ह्याच्या सभागृहात कलेक्टरची खुर्ची कोठे असावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शिष्टाचाराचा वाटेल. परंतु स्थानिक स्वराज्याचा दीडशे वर्षांचा इतिहास चाळला, तर सत्ता खाली किती उतरली आणि वर किती राहिली, याची खूण या खुर्चीनेच दाखविलेली आढळते. प्रथम ती अध्यक्षस्थानी होती. पुढे एका राज्यात ती सभागृहाबाहेर गेली, तर शेजारच्या राज्यात पुन्हा मध्यभागी आली. ती जेथून उठली, तेथे एक नवा प्रश्न उभा राहिला: आता हिशेब मागावयाचा कोणी?

मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसविण्यात आली. पैसा रयतेचा, रस्ते आणि शाळा रयतेच्या. कमिटीचे अध्यक्ष मात्र कलेक्टरसाहेब. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनच्या सरकारने प्रसिद्ध केलेला ठराव या ठिकाणी महत्त्वाचा आहे. सरकारने स्थानिक मंडळांवर आतून हुकमत चालवू नये, बाहेरून देखरेख ठेवावी, आणि शक्य तेथे अध्यक्ष बिनसरकारी असावा, असा त्याचा आशय होता. आतून आणि बाहेरून, या दोन शब्दांतील अंतर ओलांडावयास पुढे चाळीस वर्षे लागली. १८८४ च्या मुंबई कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली खरी. पण अध्यक्षपदी कलेक्टरच राहिला आणि त्याच्यासमोर बसून त्याच्याच कारभारावर टीका करण्याचे धैर्य फार थोड्या सभासदांना झाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या दप्तरात गावचा सातबारा, त्याला बोर्डाच्या सभेत जाब विचारणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

विकेंद्रीकरणाच्या चौकशीसाठी या शतकापूर्वीच्या शतकारंभी नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी याच गाठीवर बोट ठेवले. खाली गावपंचायती असाव्यात आणि जिल्ह्यात कलेक्टरला लोकप्रतिनिधींच्या मंडळाचा सल्ला घ्यावा लागावा, अशी त्यांची मागणी होती. १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे सोपीव खाते झाले. त्याचा मंत्री कायदे कौन्सिलला जबाबदार ठरला. तिजोरीची किल्ली मात्र राखीव खात्यात राहिली. १९२३ च्या कायद्यानंतर लोकल बोर्डांचे अध्यक्ष निवडून येऊ लागले. अध्यक्ष लोकांचा आणि तिजोरी सरकारची, ही जोडी त्या काळी जमली ती आजतागायत मोडलेली नाही.

सत्ता खाली द्यावयाची म्हणजे नेमकी कोणाच्या हाती, हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी १९३२ साली मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायत बिलावर बोलताना विचारला. अस्पृश्य वर्गास राखीव जागा नसतील, तर पंचायत म्हणजे गावातील बलवानांच्या हाती दिलेले नवे हत्यार होईल, ही त्यांची भीती होती. घटना समितीतही त्यांनी खेड्याचे गोडवे गाण्यास नकार दिला. तथापि नोव्हेंबर १९४८ मध्ये के. संतानम् यांच्या दुरुस्तीने पंचायतींचे कलम घटनेत आलेच. ते ४० वे कलम होय. ते मार्गदर्शक तत्त्वांत बसले, म्हणजे कोर्टात त्याची दाद मागता येत नव्हती.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली. पाच वर्षांनी बलवंतराय मेहता यांच्या समितीने तिचा आढावा घेतला, तेव्हा योजना सरकारची आहे, लोकांची झालेली नाही, असे तिला दिसून आले. नोव्हेंबर १९५७ च्या अहवालात तिने लोकशाही विकेंद्रीकरण सुचविले. पण समितीने दिला तो आराखडा. खुर्च्यांची मांडणी प्रत्येक राज्याने आपापल्या पद्धतीने केली, आणि येथेच हा इतिहास विशेष बोलका होतो.

हैदराबादजवळ शादनगर येथे ऑक्टोबर १९५९ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते आंध्र प्रदेशाच्या नव्या व्यवस्थेचा प्रारंभ झाला. तेथे आमदार-खासदार जिल्हा परिषदेचे सभासद होते आणि परिषदेच्या स्थायी समित्यांचे अध्यक्षपद कलेक्टरकडे होते. म्हणजे विधानसभेत प्रश्न विचारणारा आमदार जिल्ह्यात स्वतःच त्या कारभारात बसलेला! १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या बेळगावची गोष्ट आणखी निराळी. म्हैसूरच्या १९५९ च्या कायद्याने निवडलेली मंडळे तालुक्यापुरती राहिली. जिल्ह्यात विकास परिषद आली, आणि तिचा अध्यक्ष डेप्युटी कमिशनर, म्हणजे कलेक्टरच. निपाणीच्या मतदाराला जिल्ह्याचा कारभारी निवडण्याचा मार्ग उरला नाही; कागलच्या मतदाराला तो १९६२ साली मिळाला. दोन्ही गावे एकाच हमरस्त्यावरची.

महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीने मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला. मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवर भर दिला होता. नाईक समितीने तो जिल्ह्यावर दिला. कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवावे आणि आमदार-खासदारांनाही सभासद करू नये, हा तिचा धाडसी निर्णय होता. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा अध्यक्ष निवडलेला आणि प्रशासनासाठी मुख्य कार्यकारी अधिकारी वेगळा, अशी रचना झाली. ऐंशी वर्षांपूर्वी रिपनने लिहिलेले ‘बाहेरून’ येथे प्रत्यक्षात उतरले.

मग बाहेरून पाहावयाचे कोणी? स्थानिक निधी लेखापरीक्षक हिशेब तपासतात, त्यांचे आक्षेप विधिमंडळापुढे जातात, आणि दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची पंचायती राज समिती त्यांवर साक्षी घेते. ही समिती जिल्ह्यात येते तेव्हा कचेरीत धावपळ उडते. जुन्या फायली बाहेर निघतात, शाळांची दारे रंगतात. समितीपुढे साक्षीला बसतो मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि मुंबईत खात्याचा सचिव. ही पद्धत मुळात चांगली आहे. उणीव आहे ती वेळेची. आक्षेप समितीपुढे येईपर्यंत वर्षे उलटतात आणि ज्याने खर्च केला तो अधिकारी बदलून गेलेला असतो. दुसरी उणीव अधिक खोल आहे: विधिमंडळ झालेल्या खर्चाचा जाब विचारते, पण जो निधी जिल्ह्याला मिळालाच नाही, त्याचा जाब सरकारला तितक्या आवेशाने विचारला जात नाही.

दरम्यान कलेक्टर दुसऱ्या दाराने परतला. सत्तरच्या दशकात जिल्हा नियोजनासाठी स्वतंत्र मंडळे आली. त्यांचे अध्यक्षपद मंत्र्याकडे गेले आणि पुढील जिल्हा नियोजन समितीचा सदस्य-सचिव कलेक्टर झाला. शिवाय १९७९ नंतर महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांची पुढील सार्वत्रिक निवडणूक १९९२ पर्यंत लांबली. उलट कर्नाटकात १९८७ साली निवडलेल्या जिल्हा परिषदा आल्या आणि अध्यक्षांना राज्यमंत्र्याचा दर्जा मिळाला. पण पाच वर्षांनी तेथेही प्रशासक बसले.

या ओढाताणीतूनच दिल्लीने हात घातला. १९८९ चे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत पडले. राज्यांना वळसा घालून दिल्ली जिल्ह्याशी थेट नाते जोडू पाहते, हा विरोधकांचा आक्षेप होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या दुरुस्तीने मुदतीत निवडणूक, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग आणि राखीव जागा बंधनकारक केल्या. डॉ. आंबेडकरांच्या १९३२ च्या प्रश्नाला घटनेत उत्तर मिळावयास साठ वर्षे लागली. प्रत्यक्ष अधिकार किती द्यावयाचे, हे मात्र राज्यांच्या मर्जीवर राहिले. पैशाचा ओघही असाच वळणे घेत आला: चौदाव्या वित्त आयोगाने ग्रामीण अनुदान केवळ ग्रामपंचायतींना दिले, तर पंधराव्याने त्यात पंचायत समित्या व जिल्हा परिषदा पुन्हा घेतल्या.

महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडल्या, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या चार महिन्यांत घेण्याचा आदेश द्यावा लागला. तोही वेळेत पुरा झाला नाही. त्या काळात परिषदेचा प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकारीच काम पाहत होता. ठराव करणारा तोच, अंमल करणारा तोच, आणि विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष देणाराही तोच. सभागृहातील अध्यक्षांची खुर्ची मात्र तेवढी वर्षे रिकामी होती.