टू-स्ट्रोक मोटारसायकलचे जेटिंग

जेटिंग म्हणजे कार्ब्युरेटरमधील जेट, अर्थात इंधन मोजून सोडणारे सूक्ष्म छिद्रांचे पितळी भाग, बदलून हवा व पेट्रोल यांचे प्रमाण जुळवण्याची प्रक्रिया होय. जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलला मूळ फिल्टरऐवजी कमी अडथळ्याचा एअर फिल्टर बसवल्यास पुन्हा जेटिंग करावे लागते. ते न केल्यास इंजिन अतितप्त होऊन पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होऊ शकतो.

पार्श्वभूमी

भारतातील परिचित टू-स्ट्रोक मोटारसायकलींमध्ये म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जावा (१९६१ पासून) व येझदी (१९७३ पासून), एस्कॉर्ट्सची राजदूत, बजाज ऑटोची कावासाकी बजाज केबी १०० आणि ९८ घनसेंमी क्षमतेची यामाहा आरएक्स १०० (१९८५–१९९६) यांचा समावेश होतो. प्रदूषणविषयक नियम कडक होत गेल्यावर या प्रकारच्या मोटारसायकलींचे उत्पादन थांबले. मात्र त्यांची दुरुस्ती व जतन करणारे हौशी चालक महाराष्ट्रात आजही आढळतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेली वाहनेच 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येतात.

फिल्टर बदलाचा परिणाम

एअर बॉक्स व मूळ फिल्टर हवेला काही अडथळा करतात. या अडथळ्यामुळे कार्ब्युरेटरच्या अरुंद भागातील दाब आणखी कमी होतो आणि जेटमधून अधिक पेट्रोल ओढले जाते. मोकळा फिल्टर बसवल्यास हवा वाढते, पण हे शोषण घटते; परिणामी मिश्रण विरळ (लीन) होते. याउलट धुळीने बुजलेल्या फिल्टरमुळे मिश्रण दाट (रिच) होते.

विरळ मिश्रण टू-स्ट्रोक इंजिनाला विशेष घातक असते. क्रँककेसमधून जाणारे पेट्रोल बाष्पीभवनाने पिस्टनला थंड ठेवते. जावा, येझदी यांसारख्या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने इंधन घटले की वंगणही घटते. आरएक्स १०० मध्ये ऑइल स्वतंत्र पंपाने पुरवले जात असल्याने वंगणाची तूट होत नाही. पिस्टन तापण्याचा धोका मात्र कायम राहतो. टाकीत जादा ऑइल घालणे हा यावरील उपाय नव्हे, कारण तेवढ्याच प्रवाहात पेट्रोलचा वाटा कमी होऊन मिश्रण अधिक विरळ होते.

कार्ब्युरेटरचे भाग

स्लाइड प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळा भाग प्रभावी असतो. हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात.

• बंद ते १/८ थ्रॉटल: पायलट जेट व एअर स्क्रू
• १/८ ते १/४: स्लाइडचा तिरका काप
• १/४ ते ३/४: सुई (नीडल) व तिची क्लिप
• ३/४ ते पूर्ण: मेन जेट

क्लिप खालच्या खाचेत लावल्यास सुई वर येते व मिश्रण दाट होते. मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटचा क्रमांक प्रवाहाशी, तर केहिनच्या जेटचा क्रमांक छिद्राच्या व्यासाशी निगडित असतो; त्यामुळे समान क्रमांकाचे जेट परस्परांऐवजी वापरता येत नाहीत.

पद्धत

प्रथम मूळ जेटचे क्रमांक व क्लिपची खाच नोंदवून ठेवतात. क्रँक सील व इनटेकच्या गॅस्केटमधून हवा शिरत नसल्याची खात्री करतात, कारण अशी गळती असल्यास पुढील सर्व निष्कर्ष चुकतात. त्यानंतर जाणीवपूर्वक मोठा मेन जेट बसवून एकेका क्रमांकाने लहान करत आणतात; लहान जेटपासून सुरुवात केल्यास चाचणीतच इंजिन जाम होण्याची शक्यता असते. एका वेळी एकच भाग बदलला जातो.

मोकळ्या व सुरक्षित रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलने गाडी चालवून, क्लच दाबून लगेच इंजिन बंद करतात व स्पार्क प्लग तपासतात. बदामी रंग योग्य, पांढरा विरळ, तर काळा व ओला रंग दाट मिश्रण सूचित करतो. तार किंवा ड्रिलने जेटचे छिद्र मोठे केल्यास त्यावरील क्रमांक निरर्थक ठरतो.

उंची, हवामान व इंधन

जेटिंग ज्या ठिकाणी केले, तेथील हवेच्या घनतेशी ते बांधलेले असते. पनवेल तालुक्यातील पाताळगंगेकाठचे आपटा हे गाव कोकणच्या सखल पट्ट्यात आहे. खोपोलीहून बोरघाट चढल्यावर लागणारे लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर असून तेथील हवा अंदाजे ६ टक्के विरळ असते. आपट्याला जुळवलेली गाडी घाटमाथ्यावर किंचित दाट चालते व तिची शक्ती थोडी घटते. लोणावळ्याला काटेकोर जुळवलेली गाडी मात्र कोकणात उतरल्यावर विरळ चालते, आणि हीच दिशा धोक्याची असते. घाट उतरताना थ्रॉटल सतत बंद ठेवल्यास मिश्रित ऑइलवरील इंजिनाला वंगण अपुरे मिळते. म्हणून थ्रॉटल अधूनमधून उघडावा लागतो. कोकणातील पावसाळ्यात एअर बॉक्सविना लावलेल्या उघड्या फिल्टरमध्ये पाणी शिरण्याचाही संभव असतो.

भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोलचे वितरण सुरू झाले. इथेनॉलच्या ज्वलनास तुलनेने कमी हवा लागते. त्यामुळे जुने जेट कायम ठेवल्यास मिश्रण विरळ होते. मोकळा फिल्टर व असे इंधन यांचे परिणाम एकाच दिशेने साचतात.