खासबागेचा हौदा आणि आकाशातली शर्यत

१/ कोल्हापूरच्या खासबाग मैदानात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौद्यातला डाव दिसतो. गोष्ट साधी वाटते. पण रॉकेटवर उडणाऱ्या विमानांच्या शर्यती भरवू पाहणाऱ्यांना नेमकी हीच साधली नाही. वेग असूनही हा खेळ प्रेक्षकांचा का झाला नाही, याचा हा धागा.

२/ १९०२ साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले. रोमचे कलोसियम पाहून तसेच मैदान कुस्तीसाठी बांधण्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली आणि १९१२ साली खासबाग पूर्ण झाले. मधोमध तांबड्या मातीचा हौदा, सभोवती बशीच्या काठासारखी चढत गेलेली बैठक. पुढच्याचे डोके मागच्याच्या आड येत नाही.

३/ याच संस्थानात १९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत विमानतळही झाला. आखाडा आणि धावपट्टी एकाच गावात! मग विमानांची दंगल का भरू नये?

४/ युरोपात ती भरली होती. ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रँसजवळ मोठी विमानस्पर्धा झाली. खांब रोवून दहा किलोमीटरची चौकोनी वाट आखली होती. गॉर्डन बेनेट चषक जिंकणाऱ्या ग्लेन कर्टिसचा वेग ताशी सुमारे ७५ किलोमीटर. विमाने संथ आणि जमिनीलगत होती, म्हणूनच लोकांना शर्यत डोळे भरून पाहता आली.

५/ २००५ साली अमेरिकेत पीटर डायमंडिस आणि ग्रेंजर व्हाइटलॉ यांनी ‘रॉकेट रेसिंग लीग’ स्थापन केली. २००८ मध्ये ऑशकोश येथे आणि २०१० मध्ये टल्सा येथे प्रात्यक्षिके झाली. ज्वाळेचा लोळ आणि गर्जना यांनी लोक थक्क झाले. पण खरी स्पर्धा एकदाही झाली नाही.

६/ पैशाची चणचण होतीच. पण अडचण खेळाच्या रचनेतही होती. रॉकेटचे इंधन काही मिनिटांतच संपते. बाकी वेळ विमान तरंगत उतरते. शिवाय आकाशातली वाट आभासी: वैमानिकाला ती समोरच्या काचेवर दिसणार, प्रेक्षकाला मोठ्या पडद्यावर. मान वर केली तर दिसणार एक ठिपका आणि धुराची रेघ. पुढे कोण, मागे कोण, हे पडद्यानेच सांगायचे.

७/ मग विमाने जवळ आणावीत? अमेरिकेतील रेनो येथे १९६४ पासून विमाने खांबांभोवती, जमिनीलगत धावत. १६ सप्टेंबर २०११ रोजी त्यांतले एक प्रेक्षकांजवळ कोसळले. वैमानिकासह ११ जण दगावले. दूर न्यावे तर दिसत नाही, जवळ आणावे तर जिवावर बेतते.

८/ ‘रेड बुल एअर रेस’ने मधला मार्ग काढला: हवा भरलेले, धक्का लागताच फाटणारे कापडी खांब आणि एका वेळी एकच विमान. सुरक्षितता वाढली, पण जोड उरली नाही. विमानाची झुंज घड्याळाशी. २०१९ नंतर ती मालिकाही बंद पडली.

९/ दिसणे हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा आपलेपणाचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम किंवा खंडोबा तालीम फुटबॉल खेळायला उतरते, तेव्हा खेळाडूंच्या पाठीशी त्यांच्या पेठेतली माणसे असतात. कुस्तीतही मल्लाआधी त्याची तालीम आणि वस्ताद विचारला जातो. रॉकेट लीगकडे यंत्रे होती. ‘आमचा’ म्हणावा असा गडी लोकांना मिळाला नाही.

१०/ तेव्हा रॉकेट-विमानांची शर्यत चालेल का? तमाशा म्हणून एकदा नक्की चालेल. पण लोक पुढच्या वर्षी पुन्हा यायचे असतील, तर त्यांना निकाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आला पाहिजे, जिवाची भीती न बाळगता. आणि हरणाऱ्यासाठीही कुणाचा तरी जीव तुटला पाहिजे. खासबागेत हे दोन्ही मातीच्या एका उतारावर जमून आले. आकाशाला तसा उतार अजून कुणी बांधलेला नाही.