‘अजस्र’ शब्दाची कथा

भिवंडी तालुक्यांतून मुंबईकडे पाणी नेणारे लोखंडी नळ आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें. त्याचें पाणी आमच्या शिवारांतून मुंबईस जातें. १९५७ सालीं वैतरणेच्या धरणाची त्यांत भर पडली. मी मराठी शिकवीत असतांना एका मुलानें निबंधांत ‘अजस्त्र नळ’ असें लिहिलें. मीं त्यावर दोन तांबड्या रेघा ओढल्या. एक शुद्धलेखनासाठीं, दुसरी अर्थासाठीं. ही दुसरी रेघ ओढण्याचा मला अधिकार होता काय, हा आजचा प्रश्न आहे.

पहिली रेघ योग्यच होती. मूळ शब्द ‘अजस्र’; त्यांत ‘त’ नाहीं. ‘सहस्र’ या शब्दाचें ‘सहस्त्र’ होतें, तशीच ही चूक ‘अस्त्र’, ‘शस्त्र’ यांच्या सहवासानें घडली असावी. ‘जस्’ म्हणजे थकणें, क्षीण होणें; जें थकत नाहीं तें अजस्र. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलांत अखंड ज्योतीला हें विशेषण लाविलें आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायांत तें ‘सतत’ या अर्थीं येतें. अमरकोशानेंही त्याला नित्य, अविरत, अनवरत यांच्याच पंक्तीस बसविलें आहे. आकाराचा तेथें मागमूसही नाहीं.

मराठींत मात्र त्याचा अर्थ ‘अवाढव्य’ असा झाला. जें संपत नाहीं तें मोठें असलेंच पाहिजे, अशी लोकांची समजूत झाली असावी. काळाचें माप स्थळाला लागलें. असें झालेला हा एकच शब्द नव्हे. ‘प्रचंड’ म्हणजे मूळचा अत्यंत उग्र, आणि ‘भीम’ म्हणजे भयंकर. आज आपण प्रचंड सभा भरवितों, भीमकाय मल्ल पाहतों, आणि भीतीची आठवणही होत नाहीं.

‘प्रचंड सभा’ या प्रयोगावर मीं कधीं रेघ ओढली नव्हती. मग त्या मुलालाच वेगळा न्याय कां? समाजानें एकमतानें दिलेला अर्थ मराठींत खराच मानला पाहिजे. ती दुसरी रेघ मी आज मागें घेतों.

परंतु जुना अर्थही जपावा, एवढी विनंती आहे. नळाचा घेर पाहून आपण थक्क होतों. मुंबईची तहान मात्र त्यांतून रात्रंदिवस वाहणाऱ्या धारेनें भागते. त्या मुलाच्या शब्दांत दोन्ही अर्थ होते. मला त्या वेळीं एकच दिसला.